होशरुबाचे जादूगार आणि आमचा अमर अय्यार



यंदाच्या व्याख्यानाचा विषय कार्यवाहांनी फोनवर विचारला, तेव्हा मी 'तिलिस्म-ए-होशरुबा' असे सांगितले. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग त्यांनी जरा चाचरत विचारले, "मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत हे बसेल का?" मी म्हटले, आमच्या घरी माळ्यावर चाळीस वर्षे बसले होते, इथे तासभर बसायला हरकत नसावी.

तुमच्यापैकी जे हैदराबाद संस्थानातल्या जुन्या घरांतले आहेत, त्यांना हा खुलासा लागणार नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, १९४० च्या सुमारास उस्मानिया विद्यापीठात शिकले. १९१८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात सगळे शिक्षण उर्दूतून होते. गावाकडे घरात मराठी बोलणारा, संध्या करणारा मुलगा इथे येऊन भूमितीचे सिद्धान्त उर्दूत पाठ करी. त्या पिढीचे हिशेब मोडीत, अर्ज उर्दूत आणि भांडणे मराठीत चालत. अण्णांनी विद्यार्थिदशेत चारमिनारच्या बाजूच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून होशरुबाचे दोन खंड घेतले. शिळाछाप, लाल कापडी बांधणी, कोपरे झिजलेले. आज मी जे सांगणार आहे त्याची सुरुवात त्या दोन खंडांपासून होते.

होश म्हणजे शुद्ध, आणि रुबा म्हणजे हिरावून नेणारा. तिलिस्म म्हणजे मंत्राने रचलेले मायावी राज्य. अमीर हमजाच्या पराक्रमांची दास्तान फार जुनी आणि मूळची फारसी. अकबराने तिची सुमारे चौदाशे चित्रे कापडावर काढून घेतली होती आणि त्या कामाला पंधराएक वर्षे लागली. पण होशरुबाचे राज्य त्या जुन्या दास्तानीत नव्हते. ते आपल्याकडचे, उत्तर हिंदुस्थानातल्या दास्तान सांगणाऱ्यांनी रचलेले. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने १८८३ साली त्याचा पहिला खंड छापला. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. हमजाच्या दास्तानी तिथे छापल्या जात राहिल्या आणि सेहेचाळीस खंडांवर गेल्या. पाने चाळीस हजारांहून जास्त. लेखकद्वयाने मात्र हे सगळे अकबराच्या दरबारातल्या फैजीचे म्हणून सांगितले. अभ्यासक आता या तिलिस्माचे श्रेय मीर अहमद अली नावाच्या दास्तानगोला देतात. आपण नाही का, कोणीही काहीही रचले की व्यासांच्या नावावर घालत आलो? तोच हा प्रकार.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' ठाऊक असते, आणि दूरदर्शनवरचा क्रूरसिंह तर सगळ्यांनाच. तिथेही अय्यार आहेत, तिलिस्म आहे. पण खत्रींच्या तिलिस्मात कळसूत्रे आहेत, खटके आहेत, तळघरे आहेत, जादू नाही. होशरुबात जादूच आहे, आणि एवढी आहे की वाचणाऱ्याला सुरुवातीला श्वास घ्यायला जागा सापडत नाही.

या राज्याचा बादशहा अफ्रासियाब. राज्याचे एक दृश्य अंग आहे, जाहिर. एक गुप्त अंग, बातिन. आणि त्याही पलीकडे अंधाराचा मुलूख, जुलमात. जाहिर आणि बातिन यांच्या मधून रक्ताची नदी वाहते. तिच्यावर धुराचा पूल आहे आणि त्या पुलावर धुराचेच दोन सिंह पहारा देतात. पुलावर तीन मजली बुरूज. खालच्या मजल्यावर पऱ्या शिंगे-तुताऱ्या फुंकतात. मधल्या मजल्यावरच्या पऱ्या नदीत मोती उधळतात आणि मासे ते तोंडात धरून पोहतात. वरच्या मजल्यावर धिप्पाड हबशी तलवारींनी अखंड लढत असतात, आणि त्यांच्या जखमांतून जे रक्त खाली गळते तीच ही नदी. लहानपणी मी अण्णांना विचारले होते, ते दमत नाहीत का? अण्णा म्हणाले, त्यांची नोकरीच ती आहे. अण्णा तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होते.

इथल्या जादूगारांच्या अंगी काय काय आहे ते सांगतो. ते महाळुंग आणि नारिंगे मंतरून फेकतात, आणि जिथे पडतील तिथून आग, साप किंवा मुसळधार पाऊस निघतो. पोलादी गोळे फेकतात. जमिनीतून बाहुल्या वर येतात, निरोप सांगतात आणि परत जमिनीत जातात. आकाशातून एक जादूचा पंजा उतरतो आणि माणूस उचलून नेतो. होशरुबात कोणाला कुठून कुठे न्यायचे झाले की पंजा हजर. अफ्रासियाबाजवळ सामरीची पोथी आहे. ती उघडली की कोण खरा, कोण वेषांतर करून आलेला, हे लिहिलेले दिसते. आणि बहार जादू नावाची एक जादूगारीण आहे, तिची विद्या तर विलक्षणच. ती फुलांचा गुच्छ फेकते. रणांगणावर वसंत येतो, वारा सुटतो, आणि समोरची अख्खी फौज तिच्या प्रेमात पडून शेर म्हणत, रडत, हत्यारे टाकून तिच्या मागे चालू लागते. रक्ताचा थेंब न सांडता लढाई जिंकण्याची अशी युक्ती मी दुसऱ्या कुठल्या कथेत वाचलेली नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते इथून पुढे आहे. इतकी सामर्थ्ये एकापुढे एक ठेवली तर कथा उभी राहत नाही, नुसती यादी होते. दास्तानगोंना हे पक्के माहीत होते. म्हणून होशरुबातल्या प्रत्येक विद्येला त्यांनी कुठेतरी छिद्र ठेवले आहे, आणि गोष्ट त्या छिद्रातून वाहते.

सामरीची पोथी सर्व सांगते, पण ती उघडून पाहावी लागते. बादशहा मैफलीत रमला, रागात आला, आणि पोथी बघायची राहिली की तेवढ्यात घात होतो. हमजापाशी इस्म-ए-आजम आहे, म्हणजे असे महानाम की ते उच्चारले की कुठलीही जादू निष्फळ होते. पण शत्रू ते त्याच्या स्मरणातूनच काढून टाकतात, आणि मग हा महावीर नाव आठवत बसतो. कर्णाला अस्त्र आठवले नाही, तो प्रसंग तुम्हांला इथे आठवेल. मला तरी प्रत्येक वेळी आठवतो. खुद्द तिलिस्माला आयुष्याची मर्यादा आहे. तो रचणाऱ्यांनीच तो मोडणाऱ्याचे नाव आणि मोडायची रीत एका पाटीवर, लौहवर, नोंदवून ठेवली आहे. पाटी सापडेपर्यंत बादशहा अजिंक्य, सापडली की संपला. त्यामुळे हजारो पाने युद्ध चालते खरे, पण खरा शोध त्या पाटीचा.

आणि सगळ्यांत मोठे छिद्र जिभेत आहे. जादू मंत्राने चालते, मंत्र जिभेने म्हणायचा असतो. म्हणून अय्यार जादूगाराला बेशुद्ध करून आधी काय करतो, तर त्याच्या जिभेत सुई टोचून ठेवतो. शुद्धीवर आल्यावर तो डोळे वटारतो, हात-पाय झाडतो, पण त्याच्याकडून काहीच होत नाही. पहाड हलवणारा माणूस एका सुईने दीन होतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी माझी जीभ दाताखाली धरून बसलो होतो.

जादूगार मेला की काय होते तेही ऐका. अंधार होतो, वादळ उठते, दगड पडतात, आणि त्या गोंधळातून एक आवाज ओरडून सांगतो की मला मारले, माझे नाव अमुक अमुक जादू होते. दोन ओळींपुरता येऊन मरणारा किरकोळ जादूगार असला तरी त्याचे नाव पुकारले जाते. एवढ्या प्रचंड कत्तलीत कोणी बिननावाचा मरत नाही. हा दास्तानीतला साचा आहे, पुन्हा पुन्हा येतो, वाचणारे तो ओलांडून पुढे जातात. मी अजून थांबतो.

आता अय्यार. हमजाचा नातू असद होशरुबा मोडायला निघतो तेव्हा त्याच्या मागोमाग पाच अय्यार जातात, आणि त्यांचा उस्ताद अमर अय्यार. हा कसा दिसतो? डोळे जिऱ्याएवढे, मान दोऱ्यासारखी, हात-पाय दोरखंडासारखे. कंजूष इतका की लढाईच्या धामधुमीतही मेलेल्यांच्या अंगावरचे दागिने उतरवून घेतो आणि वर आपल्या गरिबीचे रडगाणे गातो. त्याला काही दैवी देणग्या आहेत. एक जंबील आहे, म्हणजे झोळी, तिच्यात काहीही मावते. एक गलीम आहे, ती पांघरली की माणूस दिसत नाही. आपण मृत्यूला तीनदा हाक मारल्याशिवाय तो येणार नाही असाही वर त्याला आहे, आणि अमर अर्थातच हाक मारत नाही. आमच्या आजीच्या बटव्यातून सुंठ, जायफळ, सुपारी आणि हरवलेली किल्ली एकाच वेळी निघत असे, त्यामुळे मला जंबीलचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

पण या देणग्यांवर अमरची भिस्त नसते. त्याची खरी हत्यारे बघा. रंगरोगन, बेशुद्धीची पूड, कमंद, गोफण. आणि कान. जादूगारणीच्या महालात शिरायचे तर तिची दासी कशी चालते, कोणाला काय म्हणून हाक मारते, अदब कुठे आणि थट्टा कुठे, हे सगळे त्याला आधी टिपावे लागते. तो आचारी होतो, गवय्या होतो, हकीम होतो, म्हातारी होतो. सोंग शब्दावर तरते आणि शब्दावरच उघडे पडते. समोरही काही कमी हुशार लोक नाहीत. अफ्रासियाबाच्या बाजूने पाच अय्यारणी आहेत, त्यांची म्होरकी सरसर. अमर आणि सरसर एकमेकांची सोंगे ओळखतात, आणि त्या जुगलबंदीत कित्येकदा बादशहा, फौजा, जादू सगळे बाजूला पडते.

परमुलखात जाऊन त्या मुलखाची भाषा अशी बोलायची की तिथल्या माणसाला शंका येऊ नये. मंडळी, हे काम आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे. बडोद्यात गुजराती, बेळगावात कन्नड, इथे उर्दू आणि आता तेलुगू. बाजारातली एक बोली, कचेरीतली दुसरी, देवघरातली तिसरी. अण्णांचे उर्दू ऐकून लोक त्यांना गल्ली विचारत, गाव विचारत नसत. मी अमरकडे ओढला गेलो तो यामुळे असेल.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून हे व्याख्यान देता आले असते, पण मग ते खोटे झाले असते.

१९४८ च्या सुरुवातीला रझाकारांच्या धामधुमीत आमचे कुटुंब गाव सोडून सरहद्दीपलीकडे, सोलापूरकडे गेले. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, त्यानंतर परत आले. घर उघडे पडलेले. आजीचा एक भाऊ त्या दिवसांत गेला. हैदराबादेत बिऱ्हाड केल्यावर आजीने अण्णांना एकच सांगितले: त्या लिपीतले पुस्तक माझ्या डोळ्यांपुढे नको. अण्णा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दोन्ही खंड धोतराच्या पानात गुंडाळून माळ्यावर तांब्याच्या घंगाळामागे ठेवले. आजी कीर्तनाला गेली की ते घंगाळ सरकवीत, कंदील जवळ घेत आणि आम्हां भावंडांना मराठीत होशरुबा सांगत. परतलेल्या आजीच्या चपलांचा आवाज आला की अफ्रासियाब तसाच अर्धा राही.

आजी गेली, पुढे १९९१ साली अण्णा गेले. मला उर्दू लिपी येत नव्हती. माझी शाळा मराठी, नंतर इंग्रजी, नोकरी बँकेत. घर बदलताना ते दोन्ही खंड मी रद्दीत घातले. कसर लागली होती, पाने तुटत होती, आणि मला ती नुसती वाळवीची वळणे दिसत होती. रद्दीवाल्याने तराजूत टाकण्यापूर्वी एकदा उघडून वाचले आणि माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. मीही नाही.

निवृत्तीनंतर साठीत मी अलिफ-बे गिरवायला बसलो. तीन वर्षांनी, बोट ठेवून ठेवून, होशरुबाचा पहिला खंड नव्या आवृत्तीत वाचला. आणि माझ्या लक्षात आले की अण्णांनी मला सांगितलेला होशरुबा त्यात नाही.

दास्तानीत हमजाचा पक्ष सत्यधर्माचा आहे. पकडलेल्या जादूगाराला विचारले जाते, सत्यधर्म स्वीकारतोस का? होय म्हटले तर सन्मान, नाही म्हटले तर तलवार. अमर तर हे फार लवकर उरकतो. जादूगार सामरी आणि जमशेद यांना देव मानतात. अण्णांच्या गोष्टीत हे काही नव्हते. त्यांचा अमर जिभेतली सुई काढून विचारी, "आता तरी खरे बोलशील का?" आम्ही तिघे भावंडे श्वास रोखून उत्तराची वाट बघत असू. रझाकारांची आठवण ताजी असलेल्या घरात, आजीच्या पाठीमागे, अण्णांनी तो प्रश्न बदलून टाकला होता. आम्हांला त्यांनी ते कधी कळू दिले नाही.

हे योग्य केले का? मी बरीच वर्षे यावर विचार करतो आहे. दास्तानगो ऐकणाऱ्यांकडे बघून गोष्ट बदलतच असत, त्या हिशेबाने अण्णा परंपरेतच होते. पण मूळ वाचताना मला आणखी काही दिसले, ते अण्णांनी सांगितले असते तर मला लवकर कळले असते. अफ्रासियाबाविरुद्ध उभे राहणारे सैन्य कोणाचे आहे? महरुख, बहार आणि त्यांच्यासारख्या, त्याच दरबारातून फुटून आलेल्या जादूगारणींचे. पक्ष बदलल्यावरही त्या आपली जादू टाकत नाहीत. बहार गुच्छच फेकते. असद शूर आहे, पण महत्त्वाच्या वेळी बहुधा कैदेत असतो. लढाया या बायका आणि अय्यार लढतात. शिक्का एका धर्माचा असला तरी दास्तानगोचे मन जिथे रमते ती जागा अफ्रासियाबाचा दरबार आहे, त्याच्या बागा, त्याच्या मैफली, त्याची रागीट आणि मत्सरी राणी हैरत. ज्याला शत्रू ठरवले त्याच्याच घरात लेखक हजारो पाने राहिला आहे. आणि ही पाने छापणारे नवलकिशोर भार्गव. त्यांच्याच यंत्रांवर कुराणही छापले जाई आणि आपले धर्मग्रंथही. प्रेमचंदांनी पोरवयात गोरखपूरला पुस्तकाच्या दुकानात बसून होशरुबाचा फडशा पाडला होता. म्हणजे ऐकणारे आणि वाचणारे सगळेच होते, आणि 'सत्यधर्म स्वीकारतोस का' हे सगळ्यांनीच ऐकले. काहींना ते टोचले असणार. तरी ते उठून गेले नाहीत. आजीने मात्र उठून जावे असेच दिवस बघितले होते, आणि तिला मी चूक म्हणणार नाही.

आता नातवाला गोष्ट सांगायची पाळी माझी. तो बंगळूरला असतो, नऊ वर्षांचा आहे, त्याच्याकडे पत्त्यांसारखी कार्डे आहेत आणि प्रत्येकावर त्या त्या राक्षसाची ताकद आकड्यांत छापलेली. त्याने विचारले, "आजोबा, अफ्रासियाबची पॉवर किती?" मी म्हटले, पोथी उघडली तर पूर्ण, विसरला तर शून्य. त्याला ते पटले नाही. मग म्हणाला, "आणि अमरची?" मी म्हटले, त्याला समोरच्याची भाषा किती येते त्यावर आहे. हे त्याला त्याहून पटले नाही. पण फोन ठेवला नाही.

सुईच्या प्रसंगाशी आलो तेव्हा मी जरा थांबलो. मग त्याला दोन्ही प्रश्न सांगितले, पुस्तकातला आणि त्याच्या पणजोबांचा. "पणजोबांनी का बदलला?" असे त्याने विचारले, आणि मला त्याला १९४८ सांगावे लागले. अर्धा तास लागला. घंगाळाचे सांगितले, आजीच्या चपलांचे सांगितले, रद्दीचेही सांगितले. रद्दीवाला काय म्हणाला, हे त्याने दोनदा विचारले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बसणार आहोत. हैरतची फौज समोर उभी आहे, आणि बहारने अजून गुच्छ फेकलेला नाही.